जीर्णोद्धार की जीर्णोच्छेद?

शब्दांचे अर्थ कालांतराने पालटतात, ही नित्याची गोष्ट होय; परंतु एखाद्या शब्दाने मूळ अर्थाच्या नेमका उलट अर्थ धारण करावा आणि त्याचा कोणास विषादही वाटू नये, हे क्वचित घडते. ‘जीर्णोद्धार’ या शब्दाच्या नशिबी हे आले आहे. जे जीर्ण झाले त्यास हात देऊन उभे करावे, हा त्याचा मूळ अर्थ. आज ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत एखाद्या जुन्या देवळापुढे ‘जीर्णोद्धार समिती’चा फलक लागला की, पुष्कळदा त्या देवळाचे आयुष्य संपत आले असे समजावे. सागवानी खांब उपटले जातात, तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, काळ्या पाषाणाचे जोते चकचकीत फरशीखाली गाडले जाते, आणि देवळाच्या जागी सिमेंटचा एक रंगीत पेटारा उभा राहतो. मूर्ती तेवढी जुनी उरते. तीही तैलरंगाच्या पुटांखाली ओळखू येईनाशी होते. यास उद्धार म्हणावयाचे असेल, तर उच्छेद कशास म्हणावे?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जुनी इमारत वाचविणे आणि गावासाठी नवी सार्वजनिक इमारत बांधणे ही दोन निराळी कामे नव्हेत. ती एकाच विद्येची दोन अंगे आहेत. ती विद्या वास्तुविशारदाची, आपल्या जुन्या भाषेत स्थपतीची. जागा पाहणे, माणसांस विचारणे, मोजणे, आणि मगच हात लावणे, हा तिचा क्रम. खेड्यापाड्यांतील सार्वजनिक बांधकामातून हा क्रम आपण हद्दपार केला आहे. म्हणून जुने पडते आणि नवे निरुपयोगी होते. व्याधी दोन दिसतात, पण मूळ एकच आहे.

शहापूर-मुरबाड हा इतिहासाने वगळलेला मुलूख नव्हे. नाणेघाटाची जुनी वाट मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याकडून चढते, आणि माथ्यावरील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. निजामशाहीचा अखेरचा डाव १६३६ साली शहाजीराजांनी माहुलीच्या आश्रयाने खेळला. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनी देह ठेवला. परंतु इतिहास म्हटला की आमची दृष्टी डोंगरमाथ्यावर जाते आणि तेथेच खिळते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले, तेव्हा सर्वांस आनंद झाला व तो योग्यच होता. त्या बारांत माहुली नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. पण डोंगराखालच्या गावातील देऊळ, धर्मशाळा, पायऱ्यांची विहीर किंवा कौलारू चावडी कोणत्या यादीत आहे? मुंबई शहरास १९९५ सालापासून वारसा-इमारतींचे नियम लागू आहेत. तेथे एखाद्या जुन्या इमारतीची खिडकी बदलावयाची तर समितीपुढे जावे लागते. खेड्यातील इमारतीस असा पालक सहसा नसतो. तिला पाडावयास चार पंचांचे एकमत पुरते.

ही पाडापाड केवळ दुष्टबुद्धीने होते, असे आम्ही म्हणत नाही. ती बहुधा चुकीच्या औषधाने सुरू होते. या मुलखात पाऊस शंभर इंचांच्या घरात पडतो. जुन्या भिंती पाषाणाच्या वा विटांच्या, चुन्यात अथवा मातीत बांधलेल्या असतात. अशी भिंत पावसाळ्यात ओल पिते व पुढे उन्हात ती सोडून देते. चुन्याचा गिलावा तिच्या आड येत नाही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला म्हणजे ओल आत कोंडते, क्षार साचतात, गिलावा फुगून सुटतो, आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजू लागतात. काही पावसाळ्यांनी इमारत ‘धोकादायक’ ठरते, आणि ज्यांनी सिमेंट चढविले तेच म्हणतात, “पाहा, जुने ते टिकत नाही!” रोग्यास अपायकारक औषध द्यावयाचे आणि मृत्यूचे खापर त्याच्या वयावर फोडावयाचे, अशी ही वैद्यकी आहे.

जाणता स्थपती प्रथम पाहतो. तो इमारतीचे मोजमाप घेतो. ओल वरून येते की खालून चढते, हे शोधतो. पन्हळ फुटली आहे की जोत्याभोवतीची जमीन भराव पडून वर आली आहे, हे तपासतो. तुळईचे कुजलेले टोक तेवढे कापून तेथे नवे लाकूड सांधवितो, आणि जे शाबूत आहे त्यास हात लावीत नाही. कित्येकदा सारा उतारा म्हणजे थोडी कौले, पाणी काढून देणारा एक चर आणि योग्य रीतीने मळलेला चुना, एवढाच निघतो. ही दृष्टी केवळ आमच्या हळवेपणाची उपज नव्हे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात जुनी चर्चे खरवडून ‘पूर्ववत्’ करण्याची साथ आली होती. तिला विरोध करण्यासाठी विल्यम मॉरिस याने १८७७ साली जुन्या इमारतींच्या संरक्षणार्थ एक मंडळ स्थापन केले. पुढे १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेने असा दंडक घालून दिला की, जेथे पुरावा संपून तर्क सुरू होतो तेथे उद्धाराचे काम थांबले पाहिजे. आमच्याकडे पुरावाच आधी खड्ड्यात जातो. तर्काची पाळी येतच नाही.

आता नव्या इमारतींकडे वळू. ठक्कर बाप्पांच्या नावे आदिवासी वस्त्यांच्या सुधारणेचा जो कार्यक्रम आहे त्यातून, आमदार-खासदारांच्या निधीतून व इतर खात्यांतून पाड्यापाड्यांवर समाजमंदिरे व सभामंडप होतात. हेतू स्तुत्य आहे. पण इमारती पाहाव्या! ठाकरांचा पाडा असो, कातकऱ्यांची वाडी असो की तालुक्याची पेठ असो, नकाशा जवळजवळ एकच: चार भिंती, दोन खिडक्या, वर सपाट गच्ची वा पत्रा. पत्र्याखाली वैशाखात बसवत नाही, आणि आषाढात पावसाच्या माऱ्याने शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. म्हणजे सभेसाठी बांधलेल्या घरात सभाच होऊ शकत नाही. गच्ची गळू लागली की तिच्यावरही पत्रा येतो. पुढे तेथे भाताची पोती आणि लग्नाची भांडी वस्तीस येतात, आणि गावची बैठक पूर्वीप्रमाणे वडाखाली किंवा देवळाच्या ओसरीवर भरते. लोकांनी आपला अभिप्राय असा पायांनी दिला असताही पुढल्या वर्षी शेजारच्या पाड्यावर तोच नकाशा पुन्हा उतरतो.

मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेस म्हशाची मोठी जत्रा भरते. तिचा गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी लोकोपयोगी बांधकाम म्हणजे काय? बंदिस्त दिवाणखाना खास नव्हे. गुरांस पाणी, माणसांस सावली, बायकांस आडोसा व शौचकूप, आणि जत्रा उठल्यावर वर्षभर आठवड्याच्या बाजारास किंवा शाळेच्या मुलांस उपयोगी पडेल अशी ऐसपैस ओसरी हवी. कचेरीत बसून हे सुचत नाही. जत्रेत दोन दिवस उभे राहिले म्हणजे सुचते.

मग हा क्रम पाळला का जात नाही? कारण जितके अज्ञानात आहे तितकेच हिशोबात आहे. निधी मार्चअखेर खर्ची पडावयाचा असतो. दुरुस्तीचे अंदाजपत्रक करणे कठीण, कारण भिंत उघडल्यावाचून आतले कळत नाही. नव्या बांधकामाचे अंदाजपत्रक दरसूची पुढे ठेवून एका बैठकीत तयार होते. दुरुस्तीत ठेकेदारास प्राप्ती थोडी, आणि पुढाऱ्यास कोनशिला मुळीच नाही. स्थपतीचे वेतनही बहुधा एकूण खर्चाच्या टक्केवारीवर ठरते. जो शहाणपणाने गावाचा पैसा वाचवील त्याचे उत्पन्न बुडावे आणि जो खर्च फुगवील त्यास बक्षीस मिळावे, अशी ही व्यवस्था आहे! तीत सज्जन मनुष्य सापडला तरी टिकावा कसा?

स्थपतिवर्गास आम्ही निर्दोष मानीत नाही. या तालुक्यांत ते येत नाहीत असे मुळीच नव्हे. मुंबईकरांची शेतघरे आणि सुट्टीचे बंगले आखावयास ते आवर्जून येतात. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून शहापूरची वाट आणखी सुलभ झाली आहे. ज्या जुन्या खांबास गावात सरपणाची किंमत, त्याचीच शोभा बंगल्याच्या व्हरांड्यात वाखाणली जाते. आणि मुंबईस ही विद्या अवगत नाही असेही नाही. १८७२ सालचे भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय, जे आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, त्याचा उद्धार विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली इतक्या कसोशीने झाला की, २००५ साली युनेस्कोने त्यास सर्वोच्च पुरस्कार दिला. १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन २०१९ साली दुरुस्त होऊन पुन्हा वाहू लागले. आम्हास याचा हेवा नाही. पण मुंबई जे पाणी पिते त्याचा मोठा वाटा तानसा व भातसा या शहापूर तालुक्यातील जलाशयांतून जातो. तानसाचे तर १८९२ पासून. त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शहरातील कारंजाच्या नळ्या शोधून काढण्यात जी चिकाटी दाखविली गेली, तिच्या शतांशाने तरी त्या पाड्यांवरील जुन्या विहिरींचे ढासळलेले काठ कोणी तपासले आहेत काय?

आमच्यावर येथे तीन आक्षेप येतील. पहिला असा की, जेथे प्यावयास पाणी नाही तेथे जुन्या भिंतींचे कौतुक कशास? उत्तर सोपे आहे. जुनी विहीर हेच पाणी आहे, जुनी धर्मशाळा हाच उद्याचा दवाखाना आहे. आणि शाबूत इमारत पाडून नवी बांधण्यात जो पैसा जातो तो गरिबीच्याच खिशातून जातो.

दुसरा आक्षेप: लोकांसच सिमेंट हवे आहे. हे खरे आहे, आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाही. कारवीच्या कुडाचे घर दरसाल लिंपावे-सारवावे लागते, आणि ते कष्ट घरच्या बाईच्या वाट्यास येतात. गारव्याच्या यंत्राखाली बसून तिला मातीच्या भिंतींचे माहात्म्य सांगणारा शहरी रसिक आम्हास मुळीच नको. सेवाग्रामची बापूकुटी मातीची असून आजही उभी आहे, पण ती नित्य निगा राखली जाते म्हणून. ती निगा कोणी राखावयाची, हे ठरल्यावाचून मातीची स्तुती करणे हा ढोंगीपणा आहे. परंतु ज्यांस एकच नकाशा दाखविला त्यांनी तो घेतला, यास पसंती म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. हा वारसा कोणाचा? ज्यांस देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, ज्यांची जमीन वाड्यातल्या सावकाराने गिळली, त्यांनी त्या खांबांवर प्रेम का करावे? करू नये, तशी सक्ती कोणी करू शकत नाही. पण इमारत राखणे म्हणजे तिच्यातील जुना अन्याय राखणे नव्हे. सावकाराच्या वाड्याचे वाचनालय झाले आणि त्याच्या ओसरीवर कातकऱ्याची मुलगी पुस्तक घेऊन बसली, तर त्या वाड्याचा खराखुरा उद्धार झाला असे आम्ही म्हणू. शिवाय वारसा केवळ पाषाणाचा नसतो. कारवीचा कूड विणणारा हात आणि मेढी रोवून घर उभे करणारी जाण हाही वारसाच आहे, आणि तो कोणत्याही यादीत नाही.

हे सारे स्वप्नरंजन आहे असे ज्यांस वाटेल त्यांनी पुणे जिल्ह्यातील वडेश्वर येथील शंकराचे देऊळ पाहावे. समीप पडोरा यांच्या कार्यालयाने २०१० साली ते गावकरी व पुजारी यांच्याशी बोलून आखले आणि गावाने ते श्रमदानाने उभारले. पाषाण जवळच्याच खाणीतला. निराळा सभामंडप न बांधता भोवतालच्या झाडांच्या सावलीलाच मंडप मानले. देऊळ नवे आहे. पण जुन्या देवळांचे शहाणपण त्यात उतरले आहे. गावात स्थपतीचे काय काम, या प्रश्नास याहून निराळे उत्तर नको.

तेव्हा आमच्या मागण्या तीन. पहिली, कोणतीही जुनी सार्वजनिक इमारत स्थपतीने मोजून-तपासून लेखी अभिप्राय दिल्यावाचून, आणि तो ग्रामसभेत वाचून दाखविल्यावाचून, पाडू नये. दुसरी, नव्या समाजमंदिराचा नकाशा त्याच पाड्यावर, बायकांच्या देखत, मांडल्यावाचून एक वीटही चढू नये. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या परंपरा व सामाईक साधने राखण्याचा आणि विकासकामांस आधी मंजुरी देण्याचा अधिकार ग्रामसभेस दिलेला आहे. अधिकार कागदावर आहे. तो वापरला पाहिजे. तिसरी, प्रत्येक पंचायत समितीने वैद्यकीय अधिकाऱ्याप्रमाणे एक स्थपती ठराविक वेतनावर नेमावा, आणि त्याच्या हाताखाली स्थानिक गवंडी व सुतार यांस चुन्याचे व लाकूडसांध्याचे काम शिकवावे. त्याचे वेतन खर्चाच्या टक्क्यांशी जोडलेले नसावे, म्हणजे वाचविलेल्या प्रत्येक रुपयाबद्दल त्यास दंड होणार नाही.

सरकार या गोष्टी करील तेव्हा करील. तोपर्यंत जीर्णोद्धाराच्या वर्गणीचे पुस्तक घेऊन कोणी दारी आले, तर प्रत्येक गृहस्थाने व गृहिणीने एवढेच विचारावे: इमारत तपासली कोणी, आणि त्याचा कागद कोठे आहे? कागद पुढे येईपर्यंत एका रुपयाचीही पावती फाडू देऊ नये.