यंत्र आपले, किल्ली कंपनीची

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी ‘विंडोज 10’ या आपल्या कार्यप्रणालीला दिली जाणारी सर्वसाधारण मदत थांबविली. त्या दिवशी जगातील कोट्यवधी संगणक बिघडले असे नव्हे. आदल्या दिवशी ते जसे चालत होते तसेच दुसऱ्या दिवशीही चालले. मात्र त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कंपनीने, थोड्या मुदतवाढीची सोय ठेवून, अंगावरून झटकली. आणि ‘विंडोज 11’साठी लागणारा नव्या पिढीचा प्रोसेसर व ‘टीपीएम 2.0’ ही सुरक्षा-यंत्रणा जुन्या यंत्रांत नसल्याने त्यांच्या मालकांना नव्या यंत्राचे दुकान दाखविले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला नियोजित कालबाह्यता म्हणतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, चालत्या बैलाला बाजार दाखविण्याचा हा प्रकार आहे.

धामणगाव बढे येथे, किंवा मोताळा तालुक्यातील कोणत्याही बाजारगावी, गरीब विद्यार्थ्याच्या हाती जो संगणक येतो तो बहुधा असा बाजार दाखविलेलाच असतो. शहरातील एखाद्या कचेरीने काढून टाकलेला लॅपटॉप मलकापूर, बुलढाणा वा जळगावमार्गे त्याच्यापर्यंत पोचतो. अशा यंत्रावर उबुंटू, मिंट किंवा डेबियन यांसारखी लिनक्सवर आधारलेली मुक्त कार्यप्रणाली बसविली तर ते आणखी पाच-सात वर्षे सहज चालू शकते. त्यासाठी पैसा लागत नाही, परवाना लागत नाही आणि चोरीची प्रतही वापरावी लागत नाही. आमचे अनेक तरुण कार्यकर्ते आता हे करू लागले आहेत आणि त्यांची वाट बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. पडदा उजळतो, मराठी अक्षरे उमटतात, छपाईयंत्रसुद्धा चालते. फक्त वाय-फाय दिसत नाही. खेड्यात इंटरनेट येते ते मुख्यतः मोबाइलच्या लहरींवरून. तेव्हा वाय-फाय बंद म्हणजे संगणकाचे दारच बंद. मग ‘फुकटाचे ते असेच’ असा शेरा मारून मुलगा पुन्हा विंडोजकडे वळतो. हा शेरा चुकीचा आहे आणि तो का चुकीचा आहे, हे समजून घेणे हे राजकीय काम आहे, असे आमचे म्हणणे आहे.

संगणकात बसविलेले वाय-फाय कार्ड हे स्वतःच एक लहानसे रेडिओयंत्र असते. त्यातील चिप इंटेल, ब्रॉडकॉम, रिअलटेक, क्वालकॉम, मीडियाटेक अशा मोजक्या कंपन्या बनवितात; लॅपटॉपच्या झाकणावर कोणाचे नाव आहे याच्याशी तिचा संबंध असेलच असे नाही. एकाच नमुन्याच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या चिपा सापडतात. कार्यप्रणाली आणि ही चिप यांच्यामध्ये जो दुभाष्या लागतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. चिपची भाषा कोणती, कोणत्या आज्ञेने ती काय करते, याचा तपशील तिच्या निर्मात्याला ठाऊक असतो. विंडोजसाठी तो निर्माता स्वतः दुभाष्या तयार करून देतो, कारण बाजार तेथे आहे. मुक्त कार्यप्रणालीसाठी तो वर्षानुवर्षे दुभाष्याही देत नसे आणि भाषेचा कोशही. शिवाय कार्डातील प्रोसेसरवर चढवावी लागणारी ‘फर्मवेअर’ नावाची आणखी एक संहिता असते. तिची मालकीही कंपनीकडेच असल्याने तिची प्रत वाटण्याची परवानगी कित्येकदा नसे. दोष लिनक्सचा नव्हता; माहिती दडवून ठेवणाऱ्यांचा होता.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगमही अशाच एका ड्रायव्हरपाशी सापडतो. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे लेझर छपाईयंत्र आले. कागद अडकला की सर्वांना सूचना मिळावी, एवढी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. मूळ संहिता मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे ती होती, त्याने गुप्ततेच्या करारावर सही केल्याचे सांगून नकार दिला. स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली त्यामागे हा अनुभव होता.

वाय-फायच्या बाबतीत हा लढा पुढे अधिक चिकाटीने लढला गेला. ब्रॉडकॉमच्या चिपांचा तपशील मिळत नाही म्हणताच प्रोग्रामरांनी दोन तुकड्या केल्या. एका तुकडीने कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर काय करतो याचे निरीक्षण करून त्याचे वर्णन लिहिले. दुसरीने ड्रायव्हरकडे ढुंकूनही न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा दुभाष्या रचला, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप टिकू नये. हा ड्रायव्हर 2006 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. अथेरॉस कंपनीने 2008 मध्ये आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला, आणि ब्रॉडकॉमलाही 2010 मध्ये त्याच दिशेने पाऊल टाकावे लागले. यामागे कोणाला उपरती झाली असे मानण्याचे कारण नाही. जगभरचे सर्व्हर लिनक्सवर गेले, अँड्रॉइडचे फोन लिनक्सच्या गाभ्यावर उभे राहिले, आणि चिपवाल्यांना गिऱ्हाईक तेथे दिसू लागले. तरीही फर्मवेअर बंदिस्तच राहिले. तत्त्वाला अत्यंत चिवटपणे धरून राहिलेल्या डेबियननेही 2022 मध्ये सभासदांचे मतदान घेऊन ते आपल्या अधिकृत स्थापना-संचात घेण्याचे ठरविले, व 2023 च्या डेबियन 12 पासून ते मिळू लागले. या तडजोडीवर त्या चळवळीत मोठा वाद झाला. आमच्या मते निर्णय योग्य होता. ज्याचे दार उघडत नाही त्याला घराच्या स्वातंत्र्याचे व्याख्यान देऊन भागत नाही.

आता प्रत्यक्ष कामाचे. वाय-फाय दिसत नसेल तर प्रथम कार्यप्रणाली पुन्हा बसविण्याची घाई करू नये. त्यात दिवस जातो आणि हाती काही येत नाही. आधी चिपचे नाव काढावे. आतले कार्ड असेल तर ‘एलएसपीसीआय’ आणि बाहेरून यूएसबीला लावलेले असेल तर ‘एलएसयूएसबी’ या आज्ञांनी ते कळते. (आज्ञा रोमन लिपीतच टंकाव्या लागतात. मुक्त कार्यप्रणालीही अद्याप इंग्रजीपासून मुक्त नाही, ही लोहियांच्या अनुयायांनी टिपून ठेवण्याजोगी गोष्ट.) मग ‘आरएफकिल’ या आज्ञेने कार्ड कळीने वा सॉफ्टवेअरने बंद तर नाही ना, हे पाहावे; बऱ्याच लॅपटॉपांत बाजूला एक बारीकशी कळ असते आणि निम्मे दुखणे तेथेच संपते. त्यानंतर ‘डीमेसेज’ने गाभ्याचा रोजनामा वाचावा. फर्मवेअर सापडले नाही, अशी ओळ त्यात असेल तर ते बसवावे.

ते बसवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला तेच फर्मवेअर हवे, हा पेच पुष्कळांना हताश करतो. त्यावर सोपा उपाय आहे. मोबाइल फोन यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडून फोनमधील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर त्याला वाय-फायचा ड्रायव्हर लागतच नाही.

रिअलटेकच्या काही स्वस्त चिपांचा ड्रायव्हर गाभ्याबाहेरून आणून बसवावा लागतो. असा ड्रायव्हर भाडेकरूसारखा असतो; गाभा अद्ययावत झाला की त्याचे बिऱ्हाड मोडते. ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था लावून ठेवली तर प्रत्येक वेळी तो आपोआप नव्याने बांधला जातो. आणि ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर सहीशिवायचा असा ड्रायव्हर यंत्र आत घेतच नाही. त्याच्या सहीची किल्ली यंत्रात नोंदवावी लागते. स्वतःच्या यंत्रात स्वतः निवडलेली गोष्ट बसविण्यासाठी हा द्राविडी प्राणायाम!

या साऱ्याचा समाजवादाशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांना 1977 ची आठवण द्यावी लागेल. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, परकीय चलन नियमन कायद्यानुसार भारतातील कंपनीतला परकीय भाग 40 टक्क्यांवर आणण्याची अट आयबीएमने नाकारली आणि 1978 मध्ये ती या देशातून गेली. कोकाकोला गेल्याचे सर्वांना आठवते. आयबीएम गेल्यावर तिची यंत्रे कोणी चालू ठेवली, हे फारसे कोणी सांगत नाही. ते काम 1975 मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक कंपनीने अंगावर घेतले. तिच्या नावातच दुरुस्ती होती. परकी यंत्र देशातील तंत्रज्ञ उघडू शकतो, हे तिने दाखवून दिले. पुढे 2001 मध्ये तिचे 51 टक्के भाग टाटांना विकण्यात आले आणि 2015 मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. दुरुस्तीची सार्वजनिक विद्या अशी खाजगी ताळेबंदात विरून गेली.

परावलंबनाची किंमत काय असते, ते जुलै 2025 मध्ये दिसले. युरोपीय संघाने निर्बंध घातल्यानंतर वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने खंडित केल्या. नायरात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा वाटा आहे आणि तिची वकिली करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु भारतीय न्यायालयाने वा संसदेने काही न ठरविता भारतातील एका कारखान्याची टपालपेटी परदेशातून बंद होऊ शकली. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर सेवा पूर्ववत झाल्या. कारखान्याजवळ वकील होते. धामणगावच्या शाळेजवळ नसतात.

राजकीय इच्छा असली की काय होऊ शकते, याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. डिसेंबर 2004 च्या अध्यादेशात सॉफ्टवेअरच्या पेटंटांना वाट करून देणारी तरतूद होती. सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनी दबाव आणल्यावर 2005 च्या कायद्यातून ती वगळली गेली. केरळने शाळांतून मुक्त कार्यप्रणाली रुजविली आणि तेथील दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी ती वापरली. महाराष्ट्रात मात्र एमएस-सीआयटीच्या वर्गांतून दोन दशके पिढ्यांमागून पिढ्या विंडोज आणि त्याच कंपनीचे ऑफिस शिकत गेल्या. त्यातील ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र राज्य, मायक्रोसॉफ्ट नव्हे, हे कित्येकांना सांगावे लागते यात सगळे आले.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजेच समाजवाद, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. ज्या आयबीएमने 1978 मध्ये देश सोडला, तिनेच 2019 मध्ये रेड हॅट ही लिनक्सवर चालणारी कंपनी 34 अब्ज डॉलरना विकत घेतली. भांडवल जेथे नफा दिसेल तेथे जाते. पण एक फरक राहतोच. संहितेची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च शून्याजवळ असतो, तेव्हा तिच्यावर लावलेला दर हा उत्पादनखर्च नसून खंड असतो. मुक्त परवान्याने खंडाचा हा हक्क मालकाकडून निघून जातो, आणि रेड हॅट कोणाच्याही मालकीची झाली तरी लिनक्सची संहिता कोणाला कुंपणाआड नेता येत नाही.

केंद्र सरकारने 2015 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, पण त्याचा रोख सॉफ्टवेअरवर आहे. चिप बंदिस्त असेल तर ते धोरण दारातच अडते. डिसेंबर 2022 मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’चे पोर्टल उघडले, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. रेडिओलहरींच्या नियमांमुळे तपशील उघड करता येत नाही, हा चिपकंपन्यांचा बचाव तर पोकळच आहे. लिनक्समध्ये देशवार नियमांची यादी समाविष्ट आहे, भारताचे नियमही तीत आहेत.

म्हणून मागणी नेमकी असावी. सार्वजनिक पैशाने घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकाचे वाय-फाय, ध्वनी आणि छपाई लिनक्सच्या मूळ गाभ्यातील ड्रायव्हरवर, बाहेरून काही न आणता, चालली पाहिजे, एवढे एक वाक्य निविदेत पुरे. बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली जिल्हा परिषदेला दोन प्रश्न विचारावेत: शाळांतील किती संगणक विंडोज 10 वर अडले आहेत, आणि त्यांच्या जागी नवे घेण्याच्या निविदेत चिपचे नाव लिहिले आहे काय? उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. तोवर गावच्या शाळेतील एखादे कपाटात ठेवलेले यंत्र मागून घ्यावे, फोनची तार जोडावी आणि कामाला लागावे.