पीस्पोर्टच्या नावाने: मोझेलच्या व्हाइट वाइनची बदनामी कोणी केली?

१/ ‘जर्मन व्हाइट वाइन म्हणजे स्वस्त साखरपाणी’ असे ठासून सांगणाऱ्यांनी चव घेतली असेलही. इतिहास मात्र वाचलेला नाही. ही बदनामी द्राक्षाची नव्हे, एका कायद्याची करणी आहे. #थ्रेड

२/ मोझेल नदीचे खोरे ५० अक्षांशाच्या आसपास आहे. एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकते ते पाटीच्या दगडाच्या दक्षिणाभिमुख उतारांमुळे. हा दगड दिवसाचे ऊन साठवतो आणि रात्री परत देतो. थंडीत रीसलिंग सावकाश पिकते, तिचा आंबटपणा शाबूत राहतो. ब्रेमजवळचा काल्मोंटचा उतार काही ठिकाणी ६० अंशांहूनही तीव्र आहे. तिथली बरीचशी कामे आजही हातानेच होतात.

३/ हे वैभव आपोआप आले नाही. १७८७ मध्ये ट्रियरचे इलेक्टर-आर्चबिशप क्लेमेन्स वेन्झेस्लाउस यांनी हलक्या जातींच्या वेली उपटून उत्तम जातींच्या लावण्याचे फर्मान काढले. १८६८ मध्ये प्रशियाच्या करखात्याने मोझेल व सार खोऱ्यांतील मळ्यांचा रंगीत नकाशा काढला. मळा जितका फायद्याचा, तितका रंग गडद. वसुलीसाठी केलेले हे काम उत्तम मळ्यांचा दस्तऐवज ठरले! (याच मळेवाल्यांच्या हलाखीवर ट्रियरचा तरुण कार्ल मार्क्स १८४३ मध्ये लिहीत होता. त्याचे वृत्तपत्र सरकारने त्याच वर्षी बंद पाडले.)

४/ आणि मग १९७१ चा वाइन कायदा. मळ्यांची सुमारे ३०,००० नावे छाटून २,७०० च्या आसपास आणली. दर्जा ठरवायचा तो रसातील साखरेवर. उतार, दगड यांना त्यात स्थान नाही. शिवाय अनेक गावांचे मळे एकाच मोठ्या नावाखाली आणले. ‘पीस्पोर्टर गोल्डट्रॉप्फशेन’ हा नदीकाठचा नामांकित उतार. ‘पीस्पोर्टर मिशेल्सबेर्ग’ मध्ये मात्र आसपासच्या गावांतील सपाट जमिनीवरची म्युलर-थुरगाऊसुद्धा चालते. लेबलवर दोन्हीकडे पीस्पोर्टच. ग्राहकाने फरक ओळखायचा कसा?

५/ समर्थक म्हणतात, नावांच्या जंगलात ग्राहक हरवत होता, म्हणून सुटसुटीतपणा आणला. नावे फार होती, हे मान्य. पण छाटणी एक आणि खऱ्या नावाच्या आडोशाला दुसराच माल बसवणे वेगळे. पहिल्याला सुधारणा म्हणता येईल, दुसऱ्याला फसवणूकच म्हणावे लागेल. लीबफ्राउमिल्शचेही तेच. वोर्म्सच्या एका चर्चलगतच्या मळ्याचे ते नाव निर्यातीच्या गोड वाइनवर सरसकट चिकटले आणि जगाने त्यालाच जर्मनी मानले.

६/ २०२१ मध्ये कायदा बदलला; आता साखरेऐवजी उगमस्थानाला महत्त्व आले आहे. पन्नास वर्षे लागली!

७/ म्हणून, पिण्याच्या वयाचे असाल आणि निवडायची वेळ आली, तर आधी लेबलवर ‘रीसलिंग’ हा शब्द शोधा, मग मळ्याचे नाव पाहा. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी. अल्कोहोल ८ टक्क्यांच्या आसपास असेल तर गोडवा उरलेला असणार, १२ असेल तर बहुधा नाही. मळ्याचे नाव १८६८ च्या नकाशावर गडद रंगात सापडले, तर बाटली खुशाल घ्या.