स्कॅनरपुढे कसलं सोवळं?

रंगीत निगेटिव्ह फिल्मवर फोटो काढायचा, ती निगेटिव्ह स्कॅन करायची आणि प्रिंट मात्र कृष्णधवल काढायची, एवढं चारचौघांत नुसतं बोलून बघा. एकाचा तरी चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होतो. हा आमचा रौप्यपंथी. कृष्णधवल म्हणजे चांदी, चांदी म्हणजे सत्य, बाकी सगळा भ्रष्टाकार. संपलं त्याचं उपनिषद.

बरं, आपली पवित्र चांदीची निगेटिव्ह घेऊन हा गृहस्थ पुढे काय करतो? डार्करूममध्ये शिरतो? हायपोच्या वासात रात्र काढतो? छे! एन्लार्जर त्यानं कधीच भंगारात दिला. तो निगेटिव्ह स्कॅनरवर ठेवतो, संगणकावर कॉन्ट्रास्ट पिळतो, इंकजेटवर प्रिंट काढतो आणि तिच्यापुढे उभा राहून चांदीची आरती म्हणतो. त्या कागदावर चांदी औषधालाही नाही! खरोखर डार्करूममध्ये प्रिंट काढणाऱ्याशी माझं भांडण नाही. त्यानं खुशाल चांदीचीच फिल्म वापरावी, तिथे तिला तोड नाही. माझा रोख आहे तो स्कॅनरपुढे सोवळं नेसून बसणाऱ्यांवर.

कारण गंमत अशी, की स्कॅनरचं आणि चांदीचं मुळातच जमत नाही. रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ ही रीत कोडॅकनं १९७२ साली आणली. डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसचा, वेळ सव्वातीन मिनिटं. तिच्यात चांदी आपलं काम करते, रंगद्रव्य तयार करवते आणि मग ब्लीच आणि फिक्सरमध्ये मुकाट्यानं निघून जाते. मागे उरतात रंगाचे बारीक ढग. या रंगांतून इन्फ्रारेड किरण आरपार जातात, धुळीतून जात नाहीत. चांगला स्कॅनर तेवढ्यावरून धूळ आणि ओरखडे हेरतो आणि बुजवतो. आता तिथे रौप्यपंथीयाची निगेटिव्ह ठेवा. चांदीही इन्फ्रारेड अडवते. म्हणजे स्कॅनरच्या लेखी अख्खं चित्रच कचरा! मग बिचारा इन्फ्रारेड बंद करतो आणि रात्रभर एकेक ठिपका माउसनं पुसत बसतो. याला तो साधना म्हणतो. आपण हमाली म्हणू.

शिवाय चांदीच्या फिल्मला जास्त प्रकाश दिला की ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, वाढतो, रंगीत निगेटिव्हला दिला की रंगाचे ढग एकमेकांवर चढतात आणि ग्रेन उलट मऊ होतो. डब्यावर ४०० लिहिलेली रंगीत फिल्म मीटरवर २०० धरून, म्हणजे जास्त प्रकाश देऊन, काढली तर ती तक्रार करत नाही, आभार मानते.

पण खरी मजा पुढेच आहे. हिरवं लुगडं घ्या, लाल काठाचं. डोळ्याला काठ कसा ठसठशीत दिसतो! तेच साध्या कृष्णधवल फिल्मवर फिल्टरशिवाय टिपलं, की लाल आणि हिरवा बहुधा एकाच करड्या छटेत विरतात. विणकराची मेहनत पाण्यात. रंगीत निगेटिव्हच्या स्कॅनमध्ये लाल, हिरवं आणि निळं अशी तीन चॅनल वेगवेगळी हाती असतात. लाल वर ओढा, काठ उजळतो. हिरवं ओढा, काठ काळा पडतो आणि लुगडं खुलतं. (निळ्याच्या फार नादी लागू नका, सगळ्यात जास्त ग्रेन तिथेच असतो.) लाल अतिच ओढलंत तर कपाळावरचं कुंकूही त्वचेत मिसळून जातं, तेही नवरा शेजारी धडधाकट उभा असताना! उलट पणजीच्या जुन्या फोटोत तेच कुंकू काळंकुट्ट, कारण त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही. ती प्लेटही चांदीचीच होती बरं का. मग चांदीचं सत्य कुठलं म्हणायचं? काळं कुंकू की करडं?

यावर थोर कृष्णधवल छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचं नाव ठरलेलं. घ्या ना! १९२७ साली 'हाफ डोम' कड्याचा तो प्रसिद्ध फोटो काढताना ॲडम्सनं शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला आणि आकाश जवळजवळ काळं केलं. भिंगापुढे काच धरून केलं की कला, तेच नंतर लाल चॅनल वापरून केलं की लबाडी? खुद्द ॲडम्स म्हातारपणी इलेक्ट्रॉनिक छायाचित्रणाची उत्सुकतेनं वाट बघत होता. चेले मात्र अजून प्रायश्चित्त घेताहेत. आणि कोडॅक? रंगीत निगेटिव्हवरून कृष्णधवल प्रिंट काढता यावी म्हणून त्यांनी पॅनाल्यूर नावाचा खास कागद विकला. म्हणजे हे पाप करायचं साहित्य साक्षात देवळाच्या दारातच मिळत होतं.

सगळ्यात विनोदी प्रकार इलफर्डच्या एक्सपी-२ सुपरचा. ही फिल्म सी-४१ मध्ये धुतली जाते आणि अंती तिच्यातही चांदी उरत नाही, निव्वळ रंगद्रव्य. पण डब्यावर 'ब्लॅक अँड व्हाइट' छापलेलं आहे ना! मग ती चालते. उपासाला साबुदाणा चालतो तशी. तीन चॅनल मात्र गमावली, त्याचं कुणाला काय.

दुसऱ्या बाजूला बसलेत रंगीत फिल्मचे रसिक. 'पोर्ट्राचे स्किन टोन, अहाहा!' 'गोल्डचा तो उबदार पिवळा!' महाराज, रंग आपण फेकून देणार आहोत ना? ज्या गुलाबी गालांसाठी जादा पैसे मोजलेत, ते पहिल्याच क्लिकला राखाडी होणार! पोर्ट्रा ४०० घ्या, जरूर घ्या, पण ती एक्स्पोजरमधल्या चुका पोटात घालते आणि ४०० च्या मानानं तिचा ग्रेन बारीक आहे म्हणून. एकटार १०० चा ग्रेन आणखी बारीक, पण कॉन्ट्रास्ट कडक. प्रकाश कमी पडला की सावल्या रुसतात. भर उन्हात खिसा हलका असेल तर गोल्ड २०० नं काही बिघडत नाही. निवडीचं शास्त्र एवढंच. बाकीचं संध्यावंदन.

एक मुद्दा रौप्यपंथीयांच्या पदरात टाकतो. रंगद्रव्यं काळानुसार उडतात. नीट धुतलेली चांदी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कबूल. फक्त आपले फोटो पुढच्या पिढ्यांनी बघावेत इतके चांगले आहेत का, हे ज्यानं त्यानं रात्री एकट्यानं तपासावं.

आणि हे सगळं सांगूनही रौप्यपंथी बधला नाही, तर वाद घालू नका. दोन प्रिंट भिंतीवर लावा, एक चांदीच्या निगेटिव्हवरून काढलेली, एक रंगीत निगेटिव्हवरून. ओळख म्हणावं. तो जवळ जाईल, लांब येईल, मान तिरकी करेल, चष्मा पुसेल आणि शेवटी म्हणेल, 'आधी निगेटिव्ह दाखवा.' अजिबात दाखवू नका.