खोलीचे काम काढण्यापूर्वी

परळ-लालबागच्या चाळीत मुलगा लग्नाचा झाला की पहिला प्रश्न उभा राहतो तो खोलीचा. एवढ्याशा जागेत नवी सून राहणार कुठे? मग पोटमाळा काढू, मधली भिंत पाडू, असे बेत सुरू होतात. गवंडी म्हणतो, "खोली तुमचीच, परवानगी कशाला?" वाचकहो, त्याच्या या शब्दावर काम काढू नका.

कायदा तसा सोपा आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ प्रमाणे किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही. गिलावा, रंग, लादी बदलणे, नळ-पाइप, विजेची फिटिंग, मोरी-संडासाची दुरुस्ती ही त्यातली कामे. मात्र खोलीची लांबी-रुंदी किंवा उंची वाढवणे, भार पेलणारी भिंत वा खांब काढणे, जमीन खाली घेणे, पोटमाळा घालणे, कौले काढून सपाट छत करणे, यांना परवानगी हवीच.

हा कागदी जाच नव्हे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावला डॉकयार्ड रोडजवळ पालिका कर्मचाऱ्यांची इमारत कोसळली आणि ६१ जीव गेले. तळमजल्याच्या गाळ्यात झालेले फेरफार नंतर चौकशीत पुढे आले. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची इमारत पडली, तिथेही तळमजल्यावर काम चालू होते. १७ माणसे गेली. आपल्या भिंतीवर वरच्या मजल्यावरचा संसारही उभा असतो, हे विसरून कसे चालेल?

भाडेकरूंना आणखी एक धोका आहे. मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमचे बांधकाम केले, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात खोली खाली करून घेण्याचे ते एक कारण आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी यांना तो कायदा कायमचे बांधकाम धरत नाही. पण पालिकेची परवानगी जिथे लागते तिथे ती घेतलेली असावी. म्हणजे पुष्कळदा आडोशाची गरज भिंतीऐवजी लाकडी पार्टिशननेच भागते.

तेव्हा आधी वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागात जा. परळ-लालबागला एफ-दक्षिण, दादर पश्चिमेला जी-उत्तर. भिंत-खांबाचा प्रश्न असेल तर इंजिनिअरला दाखवा. मालकाची संमती आणि पालिकेचा कागद, दोन्ही लेखी घ्या व भाडेपावत्यांच्या पिशवीत जपून ठेवा. तोंडी "चालेल" म्हणणारा माणूस नोटीस आल्यावर सापडत नाही.