खटक्याचा चाकू आणि आपली फुशारकी



मुक्काम पोस्ट मयूर विहार, फेज १. क्वार्टरची वेटिंग लांबली म्हणून कँटोन्मेंटबाहेर भाड्याने राहतो. सकाळी पिंक लाईनने दुर्गाबाई देशमुख साऊथ कॅम्पसला उतरायचं, तिथून पुढे ड्युटी. घराजवळ आचार्य निकेतनचा बाजार, मल्याळी मंडळींचं गुरुवायूरप्पन मंदिर, आणि खाली यमुनेच्या खादरात भाजीचे मळे. या भागाबद्दल निवांत लिहायचं आहे, पण ते पुढच्या वेळी. आज भांडायला बसलोय आणि भांडण आपल्याच लोकांशी आहे.

गेल्या महिन्यात आपल्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर एका रिटायर्ड सुभेदारसाहेबांनी चाकूचा फोटो टाकला. काळंकुट्ट पातं, अर्ध्या पात्याला करवतीचे दात, मुठीवर कवटी, शेजारी खटका. खाली ओळ, "फौजी का साथी". धडाधड अंगठे आले. "साहेब, लिंक टाका." "एक नंबर." आणि नेहमीप्रमाणे एक कायदेपंडित, "नऊ इंचापर्यंत लायसन लागत नाही, बिनधास्त घ्या."

मी तेव्हा गप्प बसलो. खरं सांगायचं तर बोलायला तोंड नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. मुलगा एकोणीस वर्षांचा. भरतीची तयारी करतो, पहाटे संजय लेकला पळायला जातो, येताजाता मला "अंकल, जय हिंद" म्हणतो. दिवाळीच्या सुमारास घरी आला होता. मी चाकूने कुरियरचं खोकं उघडत होतो. त्याने विचारलं, "अंकल, रोज पास रखने के लिए कौन सा चाकू अच्छा?" आता विचारणारा पोरगा, डोळ्यांत कौतुक, आणि सांगणारा मी फौजी. लेह, लडाख, हातमोजे, एका हाताने उघडणारं पातं, सगळी रामकहाणी लावली. शेवटी म्हणालो, "स्प्रिंगवाला देख, एक हाथ से खुलना चाहिए." चहा संपला, विषय संपला असं मला वाटलं.

पोराने ऑनलाइन मागवला. जाहिरातीत 'आर्मी', 'टॅक्टिकल', 'कमांडो' हे तिन्ही शब्द होते. आपल्यापैकी कुणाला असला चाकू स्टोअरमधून इशू झाल्याचं आठवत असेल तर कळवा. एका रात्री तो मित्राला सोडायला स्कूटरवर गेला, नाक्यावर तपासणी झाली, खिशातून चाकू निघाला. पोलिसांनी कोऱ्या कागदावर चाकूचा खाका काढला, फूटपट्टीने मापं घेतली, कापडात बांधून सील केलं. पातं नऊ सेंटीमीटर, रुंदी अडीचच्या जवळ. आर्म्स ॲक्ट, कलम २५. पोलिसांनी त्यांचं काम केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मध्यरात्री त्याची आई आमच्या दारात उभी, "भाईसाहब, आप फौज में हैं, आप बोल दीजिए ना." काय बोलणार होतो मी? खटक्याचा चाकू घे हे मीच सांगितलं होतं, हे?

जामीन झाला. केस उभी आहे. सरकारी नोकरीच्या अटेस्टेशन फॉर्ममध्ये कधी अटक झाली होती का, खटला चालू आहे का, हे रकाने असतात. ते भरताना माझाही हात थांबला होता, आणि माझ्याकडे लपवायला काहीच नव्हतं. या पोराने तिथे काय लिहायचं?

आता त्या नऊ इंचवाल्या पंडितांना उत्तर देतो. आकडा हवेतला नाही. आर्म्स रूल्सच्या यादीत तलवारी, खंजीर, सुरे यांच्याबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरकाम, शेती, विज्ञान, उद्योग यांसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. इथपर्यंत बरोबर. पण १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये कलम ४ सुद्धा आहे. एखाद्या भागापुरती, एखाद्या प्रकारच्या हत्यारावर वेगळी अधिसूचना काढून लायसन सक्तीचं करता येतं. दिल्लीत अशी अधिसूचना २९ ऑक्टोबर १९८० ची आहे. त्यात स्प्रिंगचे, बटनदार, गरारीदार आणि इतर कुठल्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे-मिटणारे चाकू येतात. पातं ७.६२ सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद असलं की झालं. गरारी म्हणजे दातेरी चक्र. रामपुरी उघडताना जो कटकटकट आवाज येतो, तो त्याचा.

७.६२ हा आकडा वाचून जुनी मंडळी हसतील. एसएलआर आणि एके आपल्या हाडात भिनलेल्या, पण तिथे हिशेब मिलिमीटरचा होता. इथे सेंटीमीटर, म्हणजे बरोबर तीन इंच. इंग्रजांकडेही रेघ तिथेच आहे. त्यांच्या १९८८ च्या कायद्यात घडीचा खिशातला चाकू चालतो, पण धार तीन इंचांपेक्षा लांब नको. आणि त्यांच्या कोर्टांनी पातं उघडल्यावर लॉक होणारा चाकू या सवलतीतून बाहेर काढला आहे.

आमच्या इथून चिल्ला बॉर्डर हाकेच्या अंतरावर. ती ओलांडली की नोएडा, म्हणजे उत्तर प्रदेश, आणि दिल्लीची अधिसूचना तिथे लागू नाही. परत येताना पुन्हा लागू. पोस्टिंगवर फिरणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवायला हवं. गावाकडे चालतं ते सगळीकडे चालतं असं नाही. आणि गावाकडेही काय चालतं बघा. २०१८ च्या मे महिन्यात औरंगाबादला पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पकडले होते. मागवणाऱ्यांना घरपोच मिळालं म्हणजे कायदेशीर असणार असं वाटलं असेल, तर नवल नाही. आमच्या पोरालाही तसंच वाटलं.

"मग फौजीने खिशात चाकू ठेवूच नये का?" असं कुणी विचारेल. ठेवावा! मी सिग्नल्सचा माणूस, जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरपासून चाकू वापरतोय. केबलचं इन्सुलेशन सोलणं, दोर कापणं, पेन्सिलीला टोक काढणं, डब्याची पट्टी तोडणं. वीस वर्षांत चाकूने मी जे जे केलं त्यातलं एकही काम तीन इंचांहून मोठं पातं मागत नव्हतं. उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "चाकू से पेंच मत खोल, और पेचकस से केबल मत छील." त्यांच्या हातातल्या चाकूची मूठ लाकडाची होती आणि पातं दगडावर घासून घासून अर्धं उरलेलं.

आणि ज्यांना चाकू म्हणजे मर्दानगी वाटते त्यांच्यासाठी एक गोष्ट. दोन महायुद्धांत ब्रिटिश फौजेने आपल्या जवानांना दिलेला क्लास्प नाईफ आठवा. जाड पातं, डबा उघडायचं अवजार, दोराच्या गाठी सोडवायचा सुळा. आणि पात्याला टोकच नाही, पुढून मेंढीच्या खुरासारखं बोथट उतरतं. लढाईवर जाणाऱ्या माणसाच्या खिशात बिनटोकाचा चाकू दिला होता, कारण लढायला रायफल आणि संगीन होती. स्वित्झर्लंडची फौज तर १८९१ पासून व्हिक्टोरिनॉक्सचा चाकू घेते. त्यांच्या पहिल्या चाकूत पात्याबरोबर पेचकस होता रायफल खोलायला, आणि डबा उघडायचं अवजार. फौजांनी शंभर वर्षांपूर्वी ठरवून टाकलेली गोष्ट आपण कवटीच्या स्टिकरपायी विसरलो.

तर घ्यायचा कसा ते सांगतो. पातं अडीच इंचांच्या आसपास. उघडायला नखाची खाच आणि दोन हात. मागे साधी पट्टीची स्प्रिंग, जी पातं जागेवर धरून ठेवते, पण खटका नाही, बटन नाही, लॉक नाही. लॉक नसेल तर पातं बोटांवर मिटेल, ही भीती खरी आहे. टोक रोवून जोर लावला तर मिटतं. म्हणून टोक रोवायचं नाही, कापायचं, आणि स्वतःपासून दूर कापायचं. माझ्या तर्जनीवर एक व्रण आहे, तो याच चुकीचा, जबलपूरचा. त्यानंतर पुन्हा झालं नाही.

लॉकवाला आवडत असेल तर आणखी एक विचार करा. अंगठ्याने उघडणारं, लॉक होणारं पातं 'यांत्रिक युक्ती' ठरतं की नाही, या मुद्द्यावर रात्री बारा वाजता नाक्यावर हुज्जत घालायची तुमची तयारी आहे का? वकिलाला फी देऊन तुम्ही जिंकालही. पण खिशात नखाच्या खाचेचा छोटा चाकू असेल तर हुज्जतच निघत नाही. फ्रान्सचा ओपिनेल चांगला, १८९० पासूनचा, लाकडी मूठ, फिरणारी कडी. सगळे ८ नंबरची शिफारस करतात. त्याचं पातं साडेआठ सेंटीमीटर, दिल्लीच्या रेघेपलीकडे. त्याचाच ६ नंबर सात सेंटीमीटरचा आहे. पण कडी आहेच, त्यामुळे मी तो घरी लिंबू कापायला ठेवला आहे. कार्बन स्टीलचा घेतलात तर त्याच लिंबाने काळा पडेल. पुसून तेलाचा हात फिरवा. कोकणातल्या पावसाळ्यात राहणाऱ्याने सरळ स्टेनलेस घ्यावा.

करवतीचे दात असलेलं पातं अजिबात नको. घरच्या दगडावर त्याला धार लागत नाही, आणि बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त बोटं कापतो. काळा मुलामा तर सहा महिन्यांत उडतो. पैसे वाचले तर कुरुंदाचा एक बरा दगड घ्या.

लडाखचं मी पोराला सांगितलं ते खोटं नव्हतं. जाड हातमोज्यात नखाची खाच सापडत नाही, आणि उणे तापमानात लोखंडी मूठ उघड्या हाताला चिकटते. तिथे एका हाताने उघडणारा चाकू कामाचा. पण तो तिथे, युनिटमध्ये, कामावर. मयूर विहारमध्ये जानेवारीतसुद्धा कानटोपी पुरते. मी पोस्टिंग सांगितली आणि पत्ता सांगायचा विसरलो.

'रोज खिशात' या हट्टाबद्दलही थोडं. मी रोज मेट्रोने जातो. तपासणीच्या मशिनीत चाकू दिसला की मागची रांग अडते, त्यामुळे माझा चाकू आता प्रवास करत नाही. एक कामाच्या टेबलाच्या खणात, एक घरी. विमानाने गावी जाताना चेक-इनच्या बॅगेत. यात कमीपणा काय? कार्बाईन घरी नेत होतो का आपण?

एक आक्षेप ग्रुपवर हमखास येईल, स्वसंरक्षणाचा. "दिल्लीसारख्या शहरात रात्री जवळ काहीतरी हवं." ज्यांनी ही पोस्ट टाकली त्या साहेबांना मी मान देतो, माझ्यापेक्षा त्यांनी जास्त पाहिलं आहे. पण साहेब, संगीन चालवायला आपल्याला किती महिने लागले? किती वेळा पुतळ्यावर धावलो? आणि एकोणीस वर्षांच्या पोराने, कधी कुणावर हात न उचललेल्या पोराने, अंधारात घाबरून खटका दाबला तर पुढे काय होतं? समोरचा पळून जातो हे सिनेमात. नाहीतर चाकू त्याच्याच हातून हिसकावला जातो, किंवा लागतो. लागला तर कलम २५ फार लहान गोष्ट उरते. त्याच्याजवळ पाय आहेत, रोज पाच किलोमीटर पळतो. मी त्याला तेव्हा हे सांगायला हवं होतं.

ग्रुपवर मी आज एवढंच लिहिलं: फोटो काढून टाका, आणि खाली '१९८०, दिल्ली, ७.६२ सेंटीमीटर'. दोघांनी अंगठा दिला. एकाने "सिग्नलवाले नेहमी नियम सांगतात" असं लिहून हसरा चेहरा टाकला. सुभेदारसाहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही.

पोरगा अजून संजय लेकला पळायला जातो. "जय हिंद" पूर्वीपेक्षा हळू म्हणतो. पहिल्या आठवड्यात मी जिन्यात त्याला टाळत होतो, मग एका संध्याकाळी खाली जाऊन त्याच्या आईवडिलांसमोर सांगून टाकलं की सल्ला माझा होता. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तारीख पे साथ चलेंगे?"

पुढची तारीख कडकडडूमा कोर्टात आहे. सुट्टी टाकली आहे. गेटवर तपासणी असते, त्यामुळे त्या दिवशी दोन्ही खिसे रिकामे.

जय हिंद.