एका अंशाचा खेळ

पावसाचा अंदाज चुकला कीं आपल्या घराघरांतून वेधशाळेची थट्टा सुरू होते. छत्री घेऊन गेलेले चिरंजीव कोरडे परतले, तर त्या दिवशीं शास्त्रज्ञांची धडगत नसते. या थट्टेंत पूर्वीं मीहि सामील असें. परंतु शीत देशांतील एका विलक्षण पावसाची हकीगत वाचल्यापासून माझें मत पालटलें.

अमरकोशांत हिमाला तुषार, तुहिन, प्रालेय अशीं नांवें आहेत. गारेला करका म्हटलें आहे. पण जो पाऊस पाणी होऊन पडतो आणि फांदीला वा तारेला शिवतांच बर्फ होतो, त्याला तेथें नांव नाहीं. कॅनडांत मात्र तो हिंवाळ्यांतला परिचित पाहुणा आहे. १९९८ च्या जानेवारींत, ५ पासून १० तारखेपर्यंत, माँट्रियल व आसपासच्या प्रदेशावर तो लाटेमागून लाट यावी तसा कोसळला. ओंटारिओंतील कॉर्नवॉल येथें त्याचें माप १०८ मिलिमीटर भरलें. बर्फाच्या भारानें वृक्ष मोडले, विजेचे पोलादी मनोरे वांकून पडले, आणि ऐन थंडींत लाखों कुटुंबें अंधारांत बसलीं.

असल्या पावसाचा अंदाज एवढा अवघड कां? मेघांतून निघतें तें बहुधा हिमच. वाटेंत उबदार हवेचा थर लागला म्हणजे तें वितळतें. त्याखालीं, जमिनीलगत, शून्य अंशाहून थंड हवेचा पातळ थर असला तर थेंबाला गोठण्यास अवकाश मिळत नाहीं. तो अतिशीत होऊनहि पाणीच राहतो आणि पहिल्या स्पर्शासरशीं गोठतो. खालचा थर जाड असला तर वाटेंतच बर्फाचे कण होतात. वरचा थर पातळ असला तर हिम हिमच राहतें. जमिनीजवळ उष्णतामान शून्याच्या किंचित् वर गेलें तर साधा पाऊस. एखाद्या अंशाच्या फरकानें चार निराळीं फळें! आणि वरची हवा मोजणारे फुगे बहुधा दिवसांतून दोनदांच, तेहि परस्परांपासून फार दूरच्या ठाण्यांवरून सुटतात.

शिवाय, पाणी गोठतांना उष्णता सोडतें. त्यामुळें खालची हवा शून्याशीं येते आणि हा पाऊस सहसा कांहीं तासांत आपणच आपला शेवट करतो. त्या वेळीं मात्र सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यांतून ईशान्येचा थंड वारा अखंड येत राहिला आणि वरून दक्षिणेची दमट, उबदार हवा. वर्षभरांत जितके तास असा पाऊस पडे, त्याच्या जवळजवळ दुप्पट तास तो त्या सहा दिवसांत पडला. पाऊस गोठेल ही सूचना दिली गेली होती. पाहुण्याचा एवढा मुक्काम मात्र कोणाच्या अनुभवांत नव्हता.

एका गुणानें नापास झालेल्या मुलास आपण मूर्ख ठरवीत नाहीं. तोच न्याय या शास्त्रज्ञांस लावावा. इशारा आला कीं दिवा, पाणी, पांघरूण सिद्ध ठेवावें. आणि तो फोल ठरला तर रागावूं नये, देवापुढें साखर ठेवावी.