अळी मारली, मग फुलपाखरू कुठून येणार?

फुलपाखरू कुणाला आवडत नाही? रांगोळीत, उशीच्या अभ्र्यावर, मुलींच्या फ्रॉकवर आपण ते हौसेने काढतो. अळी मात्र कुण्णाला नको! कढीपत्त्यावर हिरवी अळी दिसली की "ई गं बाई" म्हणत औषधाचा पंप आधी हातात. पण मैत्रिणींनो, लिंबावरचं काळं-पिवळं फुलपाखरू जन्माला येतं ते याच अळीतून. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचलं तर डोक्यावर केशरी शिंग काढून वास सोडते, इतकंच. चावत नाही, डसत नाही. दोन-तीन आठवडे खाते आणि कोष करते. कढीपत्ता काही मरत नाही, पुन्हा फुटतो. फोडणीला चार पानं कमी पडली तर काय बिघडलं? शिवाय जे औषध अळीवर मारायचं, तीच पानं आमटीत घालायची, हा कुठला शहाणपणा?

अमेरिकेत मोनार्क नावाचं केशरी फुलपाखरू आहे. थंडीआधी ते कॅनडा-अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोच्या डोंगरांत जातं. त्याची अळी फक्त मिल्कवीड जातीच्या झाडांवर वाढते. शेतात तणनाशकं आली, मिल्कवीड गेलं आणि मोनार्क झपाट्याने घटले. तेव्हा तिथल्या वसाहतींतल्या लोकांनी अंगणातली हिरवळ थोडी कमी करून मिल्कवीड लावायला घेतलं. गंमत अशी, की या मोनार्कची चुलत बहीण आपल्याकडे आहे, प्लेन टायगर. तिची अळी वाढते रुईवर! शनिवारी मारुतीला रुईची माळ हवी, पण कॉलनीच्या कडेला उगवलेली रुई म्हणजे घाण, उपटून टाका. रुईचा चीक डोळ्यांना वाईट, हे खरं. म्हणून ती मुलांच्या खेळण्याच्या जागी नको. पण मागच्या कुंपणाशी राहिली तर कुणाचं काय जातं? किंवा लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकू लावा. तेही मिल्कवीडच, अमेरिकेतून आलेलं, आणि प्लेन टायगर त्यावरही अंडी घालते.

हे सगळं हौसेपुरतं नाही. परसातला भोपळा फुलतो, पण कळी पिवळी पडून गळते, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. नरफुलातला पराग मादीफुलावर न्यायला माशीच नसेल तर फळ धरणार कसं? दुधीची पांढरी फुलं तर संध्याकाळी उमलतात, तिथं रात्रीचे पतंग कामाला येतात. वांगी-टोमॅटोची फुलं गुणगुणत हलवून पराग पाडणारे भुंगे वेगळेच. यातल्या कितीतरी माश्या मातीत बिळं करून राहतात. आपण मात्र अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवतो आणि कडेने फुलं न येणारे शोभेचे पाम. बघायला चकाचक, माशीला तिथं काहीच नाही.

मोहोळाचं तर विचारूच नका. सोसायटीत पोळं दिसलं की रात्री मशाल लावून जाळायचं, एवढंच आपल्याला माहीत. आग्या मोहोळाची भीती खरी आहे, शाळेच्या खिडकीवर असेल तर ते हलवायलाच हवं. पण त्यासाठी जाणकार माणूस बोलवावा. पुण्यात १९६२ पासून मधमाशांवर काम करणारी केंद्रीय संस्था आहे. आणि झुडपातलं फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं? ते राहू द्या की!

डासांच्या धुराबद्दलही बोललं पाहिजे. डेंगी नको, हे कबूल. पण धुराने उडते डास तेवढे मरतात, टाकीतल्या अळ्या तशाच राहतात. आठवड्यातून एकदा पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या केल्या तर धुराची गरज कमी पडेल.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं राणी पाखरू, हे राज्य फुलपाखरू ठरवलं. देशात असं करणारं आपलं पहिलं राज्य. तिची अळी लिंबू, पपनस अशा झाडांवर वाढते. मग संक्रांतीच्या वाणाला प्लास्टिकचे डबे कशाला? जुन्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी फुटवे येतात. पावसाळ्यात ते मुळांसकट काढून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावले, तर संक्रांतीपर्यंत चांगले तग धरतात. भिशीच्या दहा जणींनी मिळून केलं तर अख्ख्या गल्लीला पुरतील.